मायची बोटं

भाकर करपल्याचा वास आला की मला माय आठवते. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा चांदूर बाजारजवळ आमचा भाजीचा मळा होता. माय तापल्या तव्यावरची भाकर बोटांनीच उलटायची. "मळ्याच्या कामानं कातडी राठ झाली तिची," बाबा कौतुकानं सांगत. मग एक फोड चिघळला, भरेचना, म्हणून बाबांनी दमणीला बैल जुंपून तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. मीही सोबत होते. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि बोटात सुई टोचली. रक्ताचा थेंब आला, तरी माय तशीच बसलेली. "टोचा ना मंग, डॉक्टरसाहेब, कावून थांबले?" डॉक्टर हळूच म्हणाले, "टोचून झालं, बाई." वेणी घातल्यावर माय रोज त्याच बोटांनी माझा गाल कुरवाळायची. तो गाल तिला कधीपासून कळत नव्हता, हे विचारायची हिंमत मला झालीच नाही.