मुजफ्फरची दाढी

आर्णीच्या बसस्टँडमागे मुजफ्फर मोटारसायकली दुरुस्त करायचा. वय छत्तीस, हनुवटी गुळगुळीत. शेजारचा न्हावी रजत रोज हाक मारायचा, "ओ चिकने, येतं का दाढीले?"

"माह्या भरवशावर राह्यला तर उपाशी मरशीन," म्हणत मुजफ्फर आधी स्वतःच हसायचा.

मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. त्याच्या दुकानात चहा होता, दोस्ती होती.

त्याची पाठ तिशीपासून दुखायची. तो पट्टा बांधून काम करायचा. डॉक्टर गोळ्या द्यायचे.

त्या दिवशी त्याने एक गाडी डबल स्टँडवर चढवायला घेतली. आधी खुब्यातून आवाज आला, मग तो पडला. मी समोर होतो.

यवतमाळला डॉक्टर मॅडमनी एक्स-रे पाहिले, तपासण्या केल्या. "हाडं साठीतल्या बाईसारखी झालीत."

"अम्मीची बिमारी मले काहून?" त्याची आई हजराबी पाळी गेल्यावर वाकत गेली होती.

"दाढी किती दिवसांनी करता?" मॅडमनी विचारलं.

मुजफ्फर हसला. त्याची बायको रुबीना हसली नाही. "ह्यायले दाढी येतच नाही, मॅडम."

मग सगळं निघालं. चौदाव्या वर्षी गालगुंड झालं होतं, वृषणांना सूज आली होती. घरच्यांनी पाला बांधला, कुठे बोलू नको म्हणाले. तो बोलला नाही. पाठीसाठी गेला त्या डॉक्टरांनाही नाही. मला तर नाहीच.

मॅडम म्हणाल्या, "दाढी आणणारं हार्मोनच पुरुषाची हाडं धरून ठेवतं. त्यातलं थोडं शरीर बायकांच्या हार्मोनमध्ये बदलतं. हाडाला तेही लागतं. आईचं पाळीबरोबर गेलं. तुमचं पुरतं आलंच नाही. तेव्हाच दाखवायला आला असता तर..."

"गाडी उचलता येईन ना?"

"त्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी हाडं थोडी भरतील. गाडी मात्र उचलू नका."

हिवाळ्यात त्याच्या हनुवटीवर काळे केस दिसू लागले. तो काठी टेकत रजतच्या खुर्चीत बसला. बाजारातले लोक बघायला जमले.

साबण लावत रजत म्हणाला, "झाला आता मर्द!"

मुजफ्फर आरशात पाहत नव्हता. पलीकडे त्याच्या दुकानापुढे एक गिऱ्हाईक स्वतःच गाडी स्टँडवर चढवायला धडपडत होतं.

"हातानं उचलू नको," फेसातूनच मुजफ्फर ओरडला. "स्टँडवर पाय दाब. पाय दाब ना, भाऊ."