चार इंच कमी बेतलेली पँट

माझ्या मामांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला तुम्ही जाड झालात असं सांगितलेलं नाही. कोट छातीवर बसेनासा झाला म्हणून कुणी तोंड पाडून दुकानात आलं, की मामा कापड बोटांत चोळून बघणार आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणणार, "आटलंय जरा. पाण्याचा दोष." मग शिवण उसवायची, आत ठेवलेलं जास्तीचं कापड बाहेर सोडायचं, आणि गिऱ्हाईक पाण्याला नावं ठेवत खुशीत घरी जायचं.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत ठेवलेल्या त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मामा कटर. कापड बेतणं आणि कापणं हे त्यांचं काम. मशीनवर काका बसतात. ते नात्यानं कुणाचेच काका नाहीत, पण दुकानाइतकेच जुने आहेत. मी मामांची भाची, काजं-बटणं करते आणि मामांच्या टेबलासमोर खिडकीत बसते. त्यामुळे दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी असतात, माझी सुई आणि मामांचे हात. मामा खडूनं रेघ मारतात, रेघेबाहेर दोन बोटं जागा सोडतात आणि मग कातर चालवतात. काका त्या रेघेवर शिलाई मारतात. माणूस कायम एका मापाचा राहत नाही, त्याला जागा ठेवावी, असं मामांचं म्हणणं. जगाला जागा ठेवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बाबतीत मात्र जे केलं, ते आठवलं की मला अजून राग येतो आणि हसूही येतं.

मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. मामांनी कपाटातून गर्द निळ्या लोकरीच्या कापडाचा तुकडा काढला. तो त्यांनी याच दिवसाच्या सुटासाठी ठेवला होता, आणि तसलं कापड आता मिळत नाही. मला म्हणाले, कमरेचं माप घे. मी टेप लावला आणि आकडा सांगितला. मामा म्हणाले, नीट ओढून धर. मी ओढला. पोट आत घेऊन म्हणाले, आता बघ. आकडा काही हलला नाही. मामा आरशासमोर बराच वेळ आडवे उभे राहिले. मग टेबलाशी गेले आणि त्या कापडावर पँट बेतली ती सरळ चार इंच कमी मापाची.

मी म्हटलं, "मामा, ही कुणाची?"

"माझी. लग्नाच्या दिवशी मी एवढा असणार."

कातर खाली आपटून त्यांनी सगळ्या दुकानाला रागानं ऐकवलं, की या पँटीत माया म्हणून एक सुतभर ठेवलेली नाही, सरळ रेघेवर कापलीय, आता माघार घ्यायची सोयच नाही. काकांनी मान डोलावली आणि पँट शिवायला घेतली. सूट तयार झाला, पिशवीत घालून आरशामागच्या खिळ्याला टांगला. बारीक झाल्याशिवाय अंगाला लावणार नाही, अशी मामांची प्रतिज्ञा होती. असली चूक फक्त शिंपीच करू शकतो. बाकीची माणसं जाड झाली की जुन्या कपड्यांकडे बघून हळहळतात. आमच्या मामांनी अजून न झालेल्या माणसाला कपडे शिवले.

आणि मग सुरू झाला उपास. मोबाईलवर दंड फुगवून बसलेला कुणी एक गृहस्थ दिवसाला आठशे कॅलरी पुरे म्हणून सांगत होता. मामांना वाटलं, आठशेत जमतं तर सहाशेत लवकर जमेल. त्यांचा हिशोब कापडाचा. निम्मं कापड वापरलं की कपडा निम्मा होतो, तसं पोटाचंही होईल, असं त्यांनी मामीला समजावून सांगितलं. सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी. दुपारी काकडी आणि अर्धं सफरचंद. मध्ये पुन्हा काळी कॉफी, पुन्हा काळी कॉफी. रात्री वाटीभर पातळ सूप, ज्यात चुकून बटाट्याची फोड आली तर ती मामीच्या ताटात. मामीनं सांगून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी हात टेकले. तरी रोज डबा भरून द्यायची, आणि रोज तो भरलेलाच परत जायचा.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मामा पट्ट्याला नवीन भोक पाडून मिरवत होते. मग एके ठिकाणी अडलं ते अडलंच. तोवर मामांचा स्वभाव पार फिरला होता. ज्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी आवाज चढवला नाही, ते खडू सापडला नाही म्हणून माझ्यावर खेकसले. आधी दिवसभर टेबलाभोवती उभे असायचे, आता स्टूल ओढून बसू लागले. दुकानात येताना एक चढ आहे, तिथं दोनदा थांबायचे. मी म्हटलं, असल्या बारीक होण्यापेक्षा आमचा जाडा मामा बरा होता. तर आठवडाभर अबोला.

एका दुपारी मी मान वर केली आणि बघते तर मामांची खडूची रेघ वाकडी. मामांची रेघ, आणि वाकडी. त्यांनी ती ब्रशनं पुसली, पुन्हा मारली, पुन्हा तशीच. खडू ठेवून ते काकांना म्हणाले, डोळ्यांना त्रास होतोय, आजची कापणी तुम्ही करा. दुसऱ्या दिवशीही डोळ्यांचंच निमित्त. सकाळचं थोडंफार काम ते उरकायचे, पण दुपार कलली की कातरीला हात लावायचे नाहीत. टेबलावर त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या झग्याचं पांढरं कापड येऊन पडलं होतं. तो झगा बापानंच बेतायचा, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं. ते कापड घडी न मोडता पडून राहिलं.

मग एक दिवस मी पाहिलं, मामा स्टुलावर बसलेत आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेत. माझी सुई तिथंच थांबली.

कारण आजोबा तसेच बसायचे. आजोबा म्हणजे मामांचे वडील. ही मोठी कातर त्यांचीच. त्यांच्या हातांना थरथर सुटली ती वाढतच गेली. आधी कातर सुटली, मग सुई, शेवटी कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. तरी रोज दुकानात यायचे आणि याच स्टुलावर हात मांड्यांखाली ठेवून बसायचे, गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून. मामा तेव्हा तरुण होते. वडिलांचं टेबल त्यांनी वडिलांच्या डोळ्यांदेखत घेतलं होतं.

मी सुई टोचून ठेवली आणि त्यांच्याजवळ गेले. मी काही विचारायच्या आत तेच हळू आवाजात म्हणाले, "हात गेला गं माझा. बाबांसारखाच. लग्न होईपर्यंत घरी बोलू नकोस."

मी बोलले. त्याच संध्याकाळी मामीला सगळं सांगितलं, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. मामी रडेल असं वाटलं होतं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, उद्या डॉक्टरीणबाईंकडे. मामा नाही म्हणाले. मामीनं विचारलं, मुलीच्या झग्याचं काय करायचं, बाजारातून आणायचा का? सकाळी मामा मुकाट्यानं चपला घालून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर. त्यांनी आजोबांचं सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. मामांना चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, कागदावर गोगलगायीच्या शंखासारखा वळत जाणारा गोल काढायला लावला. गोल असा आला की मामांनी मान फिरवली. मग बाई म्हणाल्या, हात मांडीवर सैल सोडा. मामांना ते जमेना, ते हात मांडीखालीच सरकवत होते. बाईंनीच ते धरून वर ठेवले आणि आम्ही सगळेच त्या हातांकडे बघत बसलो.

"वडिलांचा हात असा स्वस्थ ठेवलेला असताना हलायचा?"

"तेव्हाच जास्त. म्हणून तर ते दाबून बसायचे."

"तुमचा हलत नाहीये. बघा."

मामांनी पाहिलं. हात मांडीवर पडून होते, अगदी गप्प. उचलून पुढे धरले की थरथरत, टेकवले की थांबत. मामांनी ते तीन-चारदा वर-खाली करून बघितले. बाईंनी विचारलं, थरथर कधी वाढते? दुपारी. कमी कधी होते? रात्री, सूप घेतल्यावर. मामांना वाटायचं, ते विश्रांतीमुळे. मग बाईंनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंत?

"कॉफी घेतली."

"आणि?"

"दुसरी कॉफी."

मामीला तोंड फुटलं. काकडी, अर्धं सफरचंद, बटाट्याची फोड, सहाशे कॅलरी, चार इंच, सगळं एका दमात. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, या देहाला नुसतं अंथरुणावर पडून राहायलाही याच्या दुपटीहून जास्त लागतं, आणि हे दिवसभर उभं राहून लोकर कापतात. पुरेसं मिळालं नाही की शरीर नुसती चरबी जाळून थांबत नाही, दंडा-मांड्यांची ताकदही ओरबाडून नेतं. वर रिकाम्या पोटी ही एवढी कॉफी. वजन कमी करा, ते गुडघ्यांसाठी चांगलंच आहे, पण लागतं त्यापेक्षा थोडंसं कमी खाऊन, निम्म्याहून कमी खाऊन नव्हे. तीन वेळा नीट जेवा, अंडी खा, पाव खा, चाला. हळू उतरेल, पण उतरेल.

"मग हे दुखणं नाही?" मामांनी विचारलं.

"रक्त तपासते, आणि पोटभर जेवून पंधरा दिवसांनी परत या. पण आत्ता विचाराल तर मला इथं तुमच्या वडिलांचं दुखणं दिसत नाही, मास्तर. मला भूक दिसतेय."

बाहेर बाकावर येऊन बसलो तशी मामीनं पिशवीतून डबा काढला. पाव, दोन उकडलेली अंडी, बटाट्याच्या मीठ-मिरी लावलेल्या फोडी. मामांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खाणं काही थांबलं नाही. रडत होते आणि खात होते. मामी शेजारी बसून रागानं अंडं सोलत होती. माझ्यावर चिडायचा हक्क गेला आता तुमचा, मी म्हटलं, तर भरल्या तोंडानं हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

रक्ताचा अहवाल चांगला आला. पंधरा दिवसांनी गोल काढला तो असा की बाईंनी कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी जेवण उरकून, हात धुऊन मामांनी पांढऱ्या कापडाची घडी मोडली. खडूची रेघ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी काज अर्धवट टाकून बघत होते आणि काकांनी मशीन थांबवलं होतं. झगा मुलीला असा बसला की ती आरशासमोरून हलेना.

वजन बाई म्हणाल्या होत्या तसंच उतरलं, रडतखडत पण रोजच्या जेवणासकट. मामा पुन्हा उभ्यानं काम करू लागले आणि चढ न थांबता चढू लागले. लग्न तोंडावर आलं तेव्हा कंबर दोन इंच कमी भरली. दोन इंच, चार नव्हेत. मामांनी निळी पँट पिशवीतून काढली, आत जाऊन घातली आणि बटण हातात धरून बाहेर आले. दोन इंच कमी पडत होते. शांतपणे म्हणाले, जाऊ दे, जुना करडा सूट इस्त्री कर, यात काही सोय नाही.

त्यांनी पँट काढून माझ्या हातात दिली. एवढं कापड वाया गेलं म्हणून मी चरफडत ती उलटी केली. मागची शिवण अंगठ्याखाली जाड लागली. मी टाके उसवले. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं निळं कापड, काकांनी इस्त्रीनं नीट बसवलेलं.

"मामा, इकडे या."

मामांनी पाहिलं, बोट लावून पाहिलं. "मी माया ठेवली नव्हती. रेघेवर कापली होती."

काका मशीनवरून म्हणाले, "रेघेबाहेरच कापली होती, मास्तर. मी रेघेवर शिवली. बोलताना तुम्ही रागात होता, म्हणून मी काही म्हटलं नाही."

मामा खाली बसले. हात पुढे धरून आधी तळवे पाहिले, मग उलटे करून पाहिले. त्यांचा राग त्या हातांनी ऐकलाच नव्हता. रोजच्यासारखी जागा ठेवून मोकळे झाले होते. मामांनी नाक ओढलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "तू घे शिवायला. आणि आधी तो डबा दे इकडे, जेवायची वेळ झाली."