पुलापलीकडे पाठवणाऱ्या अक्का

माहुलीच्या घाटाकडे कसं जायचं, असं अक्कांना विचारलं की त्या हमखास चुकीचा रस्ता सांगत. चुकून नव्हे, मुद्दाम. साताऱ्याकडून आलेली गाडी चिंचेखाली थांबे, काच खाली होई, आतून कुणीतरी गोड आवाजात विचारी, "आजी, घाट कुठं आला?" ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या अक्का मान वर न करता हात लांब करत. "पूल वलांडा. पल्याड डाव्या अंगाला उसातनं वाट हाय. सरळ जावा." घाट त्यांच्या घराच्या मागेच होता.

कृष्णेच्या दोन्ही काठांना माहुलीच म्हणतात, त्यामुळे मोबाईलमधला नकाशाही बावचळतो आणि माणसं शेवटी अक्कांनाच विचारत. मग ती पूल ओलांडून, उसाची पाती चुकवत, चिखल तुडवत पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहत. समोर घाटाच्या पायऱ्या, दगडी देऊळ, दीपमाळ सगळं स्वच्छ दिसे आणि मधे नदी. अक्का मागच्या दारातून त्यांच्याकडे बघत. "आता काढा म्हनावं फोटू," असं म्हणून पुन्हा लसणाला बसत.

मलाही त्यांनी तसंच पाठवलं होतं. रहिमतपूरहून रोज साताऱ्याच्या कचेरीत एसटीनं जाऊन-येऊन मी कंटाळले होते, म्हणून माहुलीत खोली बघायला आले. खोली नेमकी अक्कांच्या भिंतीला भिंत लावून होती. मी पत्ता विचारला आणि ऑफिसच्या चपला घालून उसातून हिंडून आले. परत येऊन चांगली तणतणले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग? गावलं न्हवं घर? आता जल्मात इसरायच्या न्हाईसा."

त्या मला आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. त्या गेल्यावर शेजारपाजारी सगळ्यांना त्यांचा एकदम पुळका आला, तसा मला आला नाही. त्यांची शेरडं माझी जास्वंद बुडापर्यंत खात. मी भांडायला गेले तर म्हणाल्या, "बाई, झाड परत फुटतंय. शेरडू मेलं तर परत येत न्हाई." वर माझ्याच दारातला पाला उचलून नेला. कुणाच्या घरी पोर झालं की "दिसतंय बापागत, बिचारं" असं म्हणणारी ही बाई. माहेर आटपाडीकडचं, मेंढरामागं वाढलेली. नवऱ्याला साताऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून इकडं आल्या. झाडीत, पाण्याच्या काठाला राहूनही त्यांचा स्वभाव कधी ओलावला नाही.

पण रविवारी येणाऱ्या पाहुण्यांवर मात्र आम्ही दोघी एकत्र चिडत असू. माहुली देखणी आहे, यात वाद नाही. वड-पिंपळाची सावली, जुनी देवळं, समाध्या, कुत्र्याचीसुद्धा समाधी. सगळ्यांना ती बघायची असते. पण साताऱ्याची माणसं शेवटी इथंच येतात, स्मशान इथंच आहे आणि दहावे-तेरावेही याच पायऱ्यांवर होतात, हे कुणाला बघायचं नसतं. एका पायरीवर पिंड मांडलेला आणि चार पायऱ्या सोडून नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढतायत, झगा वाऱ्यावर उडवायला दोघंजण ठेवलेले. कुरकुऱ्याची पाकिटं, मोठ्यानं लावलेली गाणी. अक्का एकदा अशा घोळक्यात शिरून म्हणाल्या, "आमची मानसं जळत्यात हितं आन् तुमी केक कापताय व्हय रं?" पोरं हसली. एकानं त्यांचाच व्हिडिओ काढला. त्या दिवशी मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, अजूनही वाटते.

अक्कांचं हे वैर आलं कुठून, ते मला उशिरा कळलं. एका संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी आपणहून सांगितलं. नवऱ्याचा दहावा होता. पिंड ठेवला, सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे वडावर होते, एकदोन खालीही उतरले. तेवढ्यात कुणाचंतरी फोटो काढणारं ड्रोन घों घों करत घाटावर आलं आणि कावळे उठून गेले ते गेलेच.

"माजा दीर म्हनाला, वैनी, दादाच्या मनात कायतरी ऱ्हायलंय, बोल," अक्का सांगत होत्या. "म्या बोलले. शेरडं सांभाळते म्हनले. पोरीला माहेरपन करते म्हनले. तुज्या भावाशी भांडत न्हाई म्हनले. सगळ्या भावकीम्होरं एकेक कबूल करत ग्येले, बाई. आन् वर ती माशी घोंगावतीया. शेवटाला गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तवा आटपलं."

आमच्याकडे कावळा शिवला नाही की लोक मेलेल्याला विचारत नाहीत, मागं राहिलेल्या बाईला विचारतात. हिनं त्याला काय कमी केलं, काय लपवलं, कधी उपाशी ठेवला. ड्रोनचं कुणी नावही काढलं नाही. अक्कांची जाऊ आजतागायत चारचौघांत म्हणते, की भाऊजी तिच्यामुळं उपाशी गेले. हे सांगून झाल्यावर अक्कांनी भाजीची देठं शेरडांपुढं टाकली. "तवापास्नं ठरिवलं. ज्याला बघायचं हाय त्यानं पल्याडनं बघावं."

मला ते पटलं होतं. मी त्यांना कधी अडवलं नाही, उलट मनातून मजाच वाटायची.

मग भाद्रपदातल्या एका रविवारी ती मुलगी आली. पुण्याची गाडी, जीन्स, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. मी आत कपडे पिळत होते. तिनं घाट विचारल्याचं आणि अक्कांनी पूल दाखवल्याचं कानावर आलं. नेहमीचंच होतं.

नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. थोड्या वेळानं घाटाकडून गलका ऐकू आला म्हणून मी मागच्या दारात गेले. घाटावर एका घरचा दहावा चालला होता. माणसं उन्हात ताटकळली होती, कावळा फांदीवर बसून होता आणि खाली येत नव्हता. एक वयस्क गृहस्थ फोनवर ओरडत होते, "अगं पलीकडं कशाला गेलीस? फिर मागं! बाबा तुझ्यासाठीच थांबलेत!" मी समोर पाहिलं. पलीकडच्या काठावर, उसाच्या कडेला ती मुलगी उभी होती. कानाला फोन, दुसरा हात नदीवर पसरलेला.

अक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

ऊन डोक्यावर येत होतं, गुरुजींना पुढची दोन घरं थांबलेली. शेवटी त्यांनी दर्भ मागवला. पलीकडून ती मुलगी "थांबा, थांबा" म्हणून ओरडत असावी. पाण्याच्या आवाजात फक्त तिचे हात दिसत होते. दर्भाचा कावळा पिंडाला लावलेला तिनं तिथूनच पाहिला. मग ती वळून पळत सुटली. पुलावरून ती घाटावर पोचली तेव्हा घरच्या लोकांच्या आंघोळी चालल्या होत्या.

फोनवर ओरडणारे ते गृहस्थ तिचे काका होते, त्यांना घेऊन ती अक्कांच्या दारात आली. गॉगल तिच्या हातात होता.

"मला पलीकडं का पाठवलंत तुम्ही?"

दारात चारसहा माणसं जमली. प्रकरण वाढू नये म्हणून मीच पुढं होऊन म्हणाले, "त्यांना नीट ऐकू येत नाही हो. वय झालंय."

अक्कांनी मला हातानं बाजूला सारलं. "मला चांगलं ऐकू येतंय. म्या मुद्दाम सांगितलं."

"मुद्दाम?"

"तू फिराया आलीस आसं वाटलं. डोळ्यावर त्यो गागल व्हता."

"रडून डोळे सुजले होते माझे," ती म्हणाली. "म्हणून घातला होता."

अक्कांनी हात जोडले. "पोरी, माजं लय चुकलं. तुज्या बापाचा घास म्या अडिवला." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं कुणी कधी गेलंच नाही वाटतं." काकांनी तिला दंडाला धरून नेलं. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

त्यानंतर त्यांनी कुणालाही पुलाकडं पाठवलं नाही. म्हणून काही त्या गोड झाल्या नाहीत. गाडी थांबली की उठून काचेपाशी जात आणि विचारत, "कुनाचं दिवस हायत?" फिरायला आलेल्या माणसाला हा प्रश्न कसा झोंबतो, ते बघण्यासारखं असे. कुणी चिडे, कुणी घाबरून गाडी वळवी. पण ज्यांच्या घरचं खरंच कुणी गेलेलं असे, त्यांच्यापुढं अक्का स्वतः चालत, फोटोवाल्यांना शिव्या घालत वाट मोकळी करत आणि पिंड ठेवल्यावर काठी घेऊन घाटाच्या तोंडाशी उभ्या राहत. कुणाचं ड्रोन दिसलं तर त्याच्या मालकावर शेरडं सोडत. दोनदा लोकांनी पोलीस बोलावले. अक्कांनी पोलिसांनाही विचारलं, "तुमच्यात कोन ग्येलं?"

वर्षश्राद्धाला ती मुलगी परत आली. तिथी अक्कांच्या लक्षात होती. सकाळी उठून त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी ओट्यावर होते. गाडी आली. मुलगी उतरली, या वेळी साडीत, हातात फुलांची पिशवी. अक्का पुढं झाल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "चल बाळ, मी नेते."

मुलगी थांबलीसुद्धा नाही. "मला रस्ता माहीत आहे," म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली.

मला त्या मुलीचा संताप आला. एवढी म्हातारी बाई वर्षभर वाट बघतेय, एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? मी तसं अक्कांना म्हणालेही. त्या माझ्यावरच उखडल्या.

"तुमी गप ऱ्हावा, बाई. तिनं सोडलं आसतं तर मला वाटलं आसतं, बापावर हिची मायाच नव्हती. बरं क्येलं तिनं. ज्याची मशीन माज्या धन्याच्या घासावर घोंगावली, त्यो म्होरं आला तर मी सोडीन व्हय?"

मग काठी उचलून त्या मुलीच्या मागोमाग, बरंच अंतर राखून, घाटाच्या तोंडाशी उभं राहायला गेल्या.