द्राक्षमळ्यात नेलेले दोन कॅन

लग्नाच्या वाढदिवसाला लोक हार नेतात, पेढे नेतात. आमच्या ह्यांनी लातूरहून नाशिकला पाण्याचे दोन रिकामे कॅन नेले.

"अहो, लेकीनं फिरायला बोलावलंय, टँकरवर न्हाई," मी म्हटलं.

"असू दे की. रिकामे तर हायेत, जड थोडेच हायेत."

या माणसापुढं डोकंच फिरतं माझं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं रेल्वेनं पाणी आणत होते, कबूल. पाहुण्याला "किती देऊ, अर्धा गिलास?" असं विचारून पाणी द्यायचो, अन् त्यानं तळाशी ठेवलेला घोट कढीपत्त्याच्या कुंडीत जायचा, तेही कबूल. बसमध्ये मीच कुरकुरले होते, की लई दिवस झाले, डोक्यावरून भरभरून पाणी घेतलं न्हाई, केसांच्या दोऱ्या झाल्यात. पण बसमधून उतरल्यावर दोन दिवस मला पाण्याचं नाव नको होतं. मला फोटो पाहिजे होता. आमच्या दोघांचा, एक.

त्याचं कारण सांगते. आमचं लग्न झालं तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता अन् हे नव्या कार्यालयात नवे कारकून. लग्न अहमदपूरला, माझ्या माहेरी, दुपारी. त्याच दिवशी सकाळी कार्यालयाची पाटी लावायचा समारंभ. साहेबांनी ह्यांना विचारलं, फोटोग्राफर आहे का कुणी? ह्यांनी आमच्या लग्नाला ठरवलेलाच नेऊन उभा केला! अंगाला हळद लागलेली, तसेच स्वतः शेजारी उभे. "ह्यांचा काढ, त्यांचा काढ" करता करता त्याचं रीळ संपलं. दुसरं आणलंच नव्हतं. मग दोघं अहमदपूरला आले अन् त्या भल्या माणसानं, मंडपातल्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून, रिकाम्या कॅमेऱ्यानं संध्याकाळपर्यंत नुसता फ्लॅश मारला. मी पांढऱ्या साडीत मान वळव म्हटलं की वळवली, हस म्हटलं की हसले. बुद्धवंदनेच्या वेळी डोळे मिटले तर फोटो बिघडेल म्हणून ते उघडे ठेवले. पंधरा दिवसांनी कळलं. ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण तोंडातून शब्द काढला न्हाई. आजही आमच्या भिंतीवर फोटो आहे तो पाटीचा. त्यात साहेब आहेत, शिपाई आहेत, हळदीनं पिवळे झालेले हे आहेत. मी कुठाय?

म्हणून लेकीनं घाट घातला. जावयानं नाशिकजवळच्या एका वायनरीत बुकिंग केलं, फोटोग्राफर ठरवला. जागा मात्र देखणी हो! द्राक्षं तोडून झाली होती, पण वेलींना नवा पाला फुटलेला, उतारावर ओळीच्या ओळी, मागं डोंगर. जिकडं तिकडं टोप्या घातलेल्या पोरी हातात गिलास धरून फोटो काढून घेत होत्या. अन् त्यांच्यामधून आमचे हे, दोन्ही हातांत कॅन, खडखड वाजवत. मी चार पावलं मागं राहिले, ओळख न्हाई असं दाखवत.

आत एक मुलगी वाइन कशी चाखायची ते शिकवत होती. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग घोट. आम्ही पंचशील घेतलेली माणसं, आमच्यापुढं सरबत. मी वास तेवढा घेऊन बघितला, वासाला काही मनाई न्हाई. बरा होता. पुढची वाइन ओतायच्या आधी लोक गिलासात पाणी घालून खळबळायचे अन् एका भांड्यात फेकायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा हे उठलेच.

"ओ ताई, थांबा थांबा! सांडता काय? चांगलं पाणी हाय ते!"

अन् टेबलावरचा जग उचलून सरळ कॅनमध्ये. सगळ्या हॉलभर नुसतं गुडगुड गुडगुड. जावई भिंतीकडं बघू लागला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ती मुलगी बिचारी शहाणी, म्हणाली, "काका, मागं नळ आहे."

तिथंच घात झाला.

फोटोग्राफर म्हणाला, सूर्य डोंगराला टेकतो तेव्हा दहाच मिनिटं उजेड चांगला असतो. मी वेलींच्या मधोमध जाऊन उभी राहिले. नवी साडी, गजरा. शेजारची जागा रिकामी. हाका मारल्या, लेक धावली, जावई धावला. तोवर फोटोग्राफरनं माझे एकटीचेच अकरा फोटो काढले. शेवटी मीच निऱ्या धरून शोधत निघाले. स्वयंपाकघराच्या मागं हे पँट दुमडून बसलेले, नळाखाली दुसरा कॅन, अन् माळ्याशी गप्पा.

"अहो, लाज कशी वाटत न्हाई? तेव्हा साहेबाला फोटो दिला, आता नळाला दिला! मी जन्मभर एकटीच उभी राहू का?"

हे उठले न्हाईत. कॅन भरत आला होता, त्याच्याकडं बघत म्हणाले, "तूच म्हणालीस ना बसमध्ये. केसांचं."

 एवढ्यानं राग गेला म्हणाल तर न्हाई, अजिबात न्हाई. सूर्य गेला, फोटोग्राफर दुसऱ्या पार्टीकडं गेला. लेक म्हणाली, मोबाईलवर काढू. मी म्हटलं, ठेव तो आत, माझं तोंड फोटोचं राहिलेलं न्हाई.

परतीच्या बसमध्ये एक कॅन माझ्या पायाखाली, एक ह्यांच्या. लातूरपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

घरी आल्यावर ह्यांनी अंगणात पाट मांडला. खाली मोठं घमेलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. मी गाऊन घालून बसले, डोक्याला साबण लावला अन् हे तांब्यानं ओतू लागले. "सावकाश! कानात चाललंय!" मी ओरडत होते, अन् पाणी केसांतून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरत होतं. किती महिन्यांनी. डोळे आपोआप मिटले.

तेवढ्यात खट् आवाज आला. बघते तर ह्यांनी एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हातानं मोबाईल लांब धरलेला.

"माझा अवतार तर बघा! पुसून टाका तो फोटो!"

ह्यांनी न्हाई पुसला. चष्मा कपाळावर सारून मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग माझ्यापुढं धरला. माझे केस गळताहेत, तोंड उघडं, डोळे मिटलेले. ह्यांचं अर्धं कपाळ अन् एक कान.

"या खेपेला आलाय ना गं?" हे म्हणाले. 

इतक्या वर्षांत या माणसानं त्या रिळाचा विषय कधी काढला नव्हता.

"आलाय," मी म्हटलं. "ओता आता, साबण डोळ्यांत चाललाय."