शेवाळाचं रेशन

ढोमणे साहेब सकाळी आधी दगडांचे दात घासत आणि मग स्वतःचे. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. शंकर नगरातल्या त्यांच्या घरी स्वयंपाकाच्या कामाला गेले, तर साहेब बनियनवर, स्टुलावर उभे. उजवा हात खांद्यापर्यंत काचेच्या टाकीत आणि हातात टूथब्रश. पाण्यातला एक दगड ते हळूहळू घासत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "या कमलबाई. अतिक्रमण हटवून राहिलो. चहा ठेवा."

साहेब मूळचे वर्ध्याकडचे. नोकरी भोपाळच्या सरकारी कचेरीत. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा कचेरीतल्या माणसांची वाटणी झाली आणि साहेब इकडे आले. त्यांची बायको आधीच वारली होती. मुलगी नागपूरला दिलेली. सामान ट्रकने आलं, पण दोन मासे त्यांनी पाण्याच्या पिशवीत घालून गाडीत मांडीवर धरून आणले. केशरी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे, समुद्राचे मासे. मोठ्याचं नाव बडे बाबू, लहानाचं छोटे बाबू. "यांच्या जातीत बडे बाबू नेहमी बाईच असते, कमलबाई. आमच्या कचेरीत हे कोणाले पटत नाही," असं सांगून ते स्वतःच हसत.

समुद्र मी पाहिला नव्हता, अजूनही नाही. साहेबांनी तो घरी बनवला होता. गाळणीच्या मशीनचं पाणी, त्यात मुंबईहून पार्सलने येणारं खास मीठ. ते पाणी मोजून भरायचं आणि दर रविवारी थोडं बदलायचं. शिवाय रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर चांगलं, लाल झालं तर त्यात घाण साठली. रंग वहीत लिहून ते मोठ्याने वाचून दाखवत, जसा साहेबापुढे अहवाल वाचावा. ऐकायला मी एकटीच असे. मी पोळ्या लाटता लाटता मान हलवत असे. बोलत नसे. मला परक्या माणसापुढे बोलायला आजही जमत नाही. तिथे पहिले कित्येक महिने "हो साहेब" यापलीकडे मी गेले नाही.

माशांना ते दिवसातून एकदाच खायला देत. बारा बारीक गोळ्या, मोजून, चहाच्या गाळणीत धुऊन. दुपारी मी माझं ताट वाढून घेई तेव्हा साहेब कचेरीत असत. ते दोघं काचेला तोंड लावून माझ्याकडे पाहत. तोंड उघडत, मिटत. माझ्या आईकडे तुमसरला रीत होती. घरात कोणी जीव उपाशी असला तर आपण घास घ्यायचा नाही. आधी गाईला, मग कुत्र्याला, मग आपण. इथे गाय नव्हती, कुत्रा नव्हता. मी झाकणाच्या फटीतून चिमूटभर भात टाकायची. ते तोंडात घेत, बरेचदा थुंकत, आणि शितं दगडांमागे जात. मला वाटे, नंतर खात असतील. एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

दोन-तीन महिन्यांत टाकी हिरवी झाली. आधी दगडांवर गवतासारखं आलं, मग केसांसारखं लांब वाढलं आणि पाण्यात लोंबू लागलं. साहेबांकडे एक पोवळं होतं, बोटं हलवल्यासारखं हलणारं. ते त्या केसांखाली दिसेनासं झालं. वहीत रोज 'लाल', 'गडद लाल'.

साहेबांनी सगळे उपाय केले. दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला. पाणी जास्त बदललं. मुंबईहून चार गोगलगायी मागवल्या, त्या शेवाळ खातात म्हणून. शेजारचे तिवारीजी पाहायला आले आणि म्हणाले, "ढोमणे जी, इसमें धान बो दीजिए." साहेब हसले नाहीत. ब्रश घेऊन तासन्‌तास घासत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

"शेवाळाशी भांडून काही होत नाही, कमलबाई," ते म्हणायचे. "आपण उपटतो, ते वाढते. त्याले कोणीतरी रेशन देऊन राहिलं आहे. कोण, ते सापडलं की झालं."

मी मान हलवायची. आणि दुपारी भात टाकायची. खरं सांगते, माझ्या मनात तसं आलंच नाही. भात आणि शेवाळ यांचा संबंध माझ्या डोक्यात कुठे होता?

मग आई आजारी पडली म्हणून मी आठ-नऊ दिवस तुमसरला गेले. परत आले आणि पुन्हा कामाला लागले. काही दिवसांनी, एका शुक्रवारी सकाळी, साहेब टाकीपुढे खुर्ची टाकून बसलेले दिसले. ब्रश हातात नव्हता.

"ठरवलं मी," ते म्हणाले. "रविवारी भिलाईचा दुकानदार येऊन दोघांले घेऊन जाईल. या टाकीले त्यांचं ओझं झेपत नाही. माझंच चुकलं. हौस मोठी अन् टाकी लहान."

मग सवयीने त्यांनी वही उघडली आणि वाचू लागले. "पाहा. मधी उतरलं होतं. एकादशीपासून नारिंगी. मग पिवळट. मले वाटलं, जिंकलो. अन् पंचमीपासून परत लाल. काहून, काही समजत नाही."

एकादशीला मी तुमसरच्या गाडीत बसले होते. पंचमीच्या आदल्या दिवशी परत आले होते.

माझे हात पिठात होते आणि ते तसेच राहिले. साहेब अंघोळीला गेले. भात टाकणं त्या दिवसापासून बंद करून गप्प बसता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. पण मासे रविवारी गेले असते. भोपाळहून मांडीवर आणलेले मासे माझ्या चिमटीपायी गेले असते, आणि साहेब जन्मभर म्हणत राहिले असते की माझंच चुकलं. सांगावं तर तोंडातून शब्द फुटेना. चारदा न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन आले.

मग हात धुतले. वही उघडीच होती, पेन त्यातच होतं. चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्या दिवसाच्या 'लाल'खाली लिहिलं, 'मी रोज भात टाकते.' ते लिहायला मला पोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दाराकडे पाठ करून उभी राहिले.

न्हाणीघराचं दार वाजलं, खुर्ची सरकली. मग साहेब दारात.

"रोज?"

"हो साहेब."

"रविवारी सुद्धा?"

"रविवारी तुम्ही झोपल्यावर."

"तीन महिने मी दगडांवर डोकं फोडून राहिलो, कमलबाई! तीन महिने!" त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी पदर तोंडाशी धरला. आता काम गेलं, हे मी धरूनच चालले होते. मग ते थांबले. "कोणता भात?"

"दुबराज."

"दुबराज!" ते एकदम दारातच खाली बसले आणि हसायला लागले. "अन् मी म्हणतो, हे शेवाळ एवढं माजलं कसं! अरे, लोकांच्या घरी एवढा वासाचा तांदूळ पाहुणे आले तरच शिजतो!"

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पण काहून टाकत होत्या?" मी आईची रीत सांगितली. माझ्या तोंडून एका वेळी निघालेलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. साहेब चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "रीत चांगली आहे. ती सोडू नका. जागा बदला. मागच्या भिंतीवर चिमण्या येतात."

भिलाईच्या दुकानदाराला त्यांनी फोन करून नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी वही पाहिली. माझ्या वाकड्या अक्षरांखाली त्यांनी लिहिलं होतं, 'कारण सापडलं. आता सोपं आहे.'

सोपं काही नव्हतं. दगडांमागचा कुजलेला भात नळीने ओढून काढायला दोन रविवार गेले. पण दुसरा टूथब्रश साहेबांनी मला दिला. नळीत थेंब टाकायला, रंग ओळखायला, वहीत लिहायला शिकवलं. शेवाळाचे केस विरळ झाले, उरलेलं गोगलगायींनी खाल्लं. एका सकाळी मी स्वतः 'पिवळं' लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. साहेब म्हणाले, "पुन्हा वाचा, बडे बाबूले ऐकू आलं नाही."

पुढे साहेब निवृत्त झाले, गुडघे गेले, आणि मुलीने त्यांना नागपूरला नेलं. टाकी माशांसकट भनपुरीला, रायपूरच्या कारखान्यांच्या भागात, माझ्या दोन खोल्यांत आली. आमचे हे जवळच्याच उरला वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. "साहेबाचं खारं पाणी आता आपल्या डोक्यावर," असं म्हणून कुरकुरले, पण लोखंडी स्टँड स्वतः वेल्डिंग करून दिला. इकडे काळी धूळ फार, म्हणून मी झाकणावर ओलं कापड घालते. रविवारी साहेबांचा फोन येई आणि मी त्यांना आठवड्याचे रंग वाचून दाखवी. दोन वर्षांनी तो फोन यायचा थांबला. मुलीने कळवलं, झोपेतच गेले.

त्यानंतर महिनाभराने टाकीत पुन्हा हिरवे केस दिसले. मी घासले, पुन्हा आले. विचारायला कोणी नव्हतं. मी टाकीपुढे बसले आणि मनातल्या मनात ऐकलं, रेशन कोण देऊन राहिलं?

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाल्यासारखी निघाले आणि दारातून परत फिरले. आमचे हे जेवायला बसले होते. ताट मांडीवर, आणि एक हात झाकणाच्या फटीत. पोळीचा चुरा टाकत होते.

"काहून?" मी विचारलं.

ते पोट्ट्यासारखे लाजले. "मी जेवून राहिलो, अन् ते तोंडाकडे पाहून राहिले. घास उतरत नाही ना."

 मी वही आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि तेलकट बोटांनी लिहिलं, 'मी पोळी टाकतो.'

त्याखाली मी लिहिलं, 'कारण सापडलं. आता सोपं आहे.'