शी काळी झाली तरी चालेल

ती मला एकदाच भेटली, चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची तपासणी होती. मी माझ्या मुलाला घेऊन बसले होते. शेजारी जिवती तालुक्यातली ती उंच, सावळी बाई. इवलीशी मुलगी तिनं लुगड्याच्या घडीत छातीशी बांधली होती. बोलतानाही तिचा एक तळवा मुलीच्या पाठीवरून हलत नव्हता.

औषधाची वेळ झाली तसं तिनं लोहाचे थेंब मुलीच्या गालाच्या आत अलगद सोडले. सोबत आलेली तिची सासू कुरकुरली, "बंद कर हे औषध. पोरीले काळी शी होऊन राह्यली. आतून जळली तं?"

"मी नर्सबाईले इचारलं, आत्याबाई. ह्या औषधानं काळी होतेच. मांगं रक्त चढवा लागन म्हनत होते, आठवते ना? शी काळी होऊ द्या. मले पोरगी लाल पाह्यजे."

सासूनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मुलीची पापणी खाली ओढून पाहिली, रिपोर्ट वाचला. "रक्त वाढलंय. आता चढवायची गरज नाही. लोह आणि व्हिटॅमिन चालू ठेवा."

सासूला टोमणा मारायची ही चांगली संधी होती. बाईनं मात्र मुलीला सोडवून सासूच्या मांडीवर दिलं आणि बाटली तिच्या हातात ठेवली. "मी वावरात गेली का तुमीच पाजत जा."

इतक्या खात्रीची आणि तरीही इतकी मऊ माणसं मी कमी पाहिली आहेत.

सासूनं बाटली उजेडात धरली, नातीकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "किती थेंब म्हनलं वं?"