मराठीच्या बाईंची शिट्टी

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी आलेल्या निपाणी-बेळगावकडच्या मंडळींनी मिळून काढलेली ती शाळा. शिवलीलाबाई तिथे मराठी शिकवत. विषय ऐच्छिक. वर्ग वर्षावर्षाला आटत गेला, आणि यंदा तर सगळी मुलं पहिल्याच बाकावर मावू लागली.

त्यामुळे समितीच्या बैठकीत सचिव आप्पाजींनी नव्या डिजिटल फळ्यांसाठी मराठीचं पद बंद करायचं सुचवलं, तेव्हा बाईंना धक्का बसला नाही. फक्त, सगळ्या मराठी मंडळींच्या त्या बैठकीत आप्पाजींनी हे इंग्रजीत का सांगितलं, ते कळेना. बाई शिक्षकांच्या प्रतिनिधी म्हणून समोरच बसल्या होत्या. त्यांना लागू नये म्हणूनही असेल.

चिडला तो खेळाचा मास्तर महांतेश. "अक्का, तुम्ही गप्प बसा, मी बघतो," म्हणाला आणि फाटकाशी उभा राहून पालकांच्या सह्या घेऊ लागला. पालकांपैकी पुण्याहून आलेल्या मैत्रेयीनं सहीवर न थांबता पालकांच्या ग्रुपवर मोहीमच उघडली. पुढच्या बैठकीत मातृभाषेवर ती असं बोलली, की आप्पाजींनी डोळे पुसले. मराठीचं पद राहिलं.

डिजिटल फळे मात्र यायचेच होते. मग खेळाचं पद गेलं. सह्या गोळा करणारा मास्तरच जाणार होता, त्यामुळे विरोध झाला नाही. बोलावं असं बाईंना फार वाटलं. पण तोंड उघडेपर्यंत ठराव झाला होता आणि चहा आला होता. मराठीचे तास थोडे, म्हणून मैदान बाईंकडे सोपवण्यात आलं.

जूनमध्ये नावनोंदणी झाली. मैत्रेयीची मुलगी फ्रेंचमध्ये होती. बाईंनी विचारलं, तर मैत्रेयी म्हणाली, "मार्कांचं बघावं लागतं ना, बाई. आणि मराठी काय, घरी बोलतोच की आम्ही."

बाईंनी साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले. पहिल्या दिवशी शिट्टी वाजेना. नुसती हवा जायची आणि मुलं हसायची. शेवटी त्यांनी लाज गिळून महांतेशला फोन केला. आधी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे अक्का. मी कोरमंगलात जिममध्ये लागलोय. पगार इथल्याहून बरा आहे. तुमच्या त्या मैत्रेयीबाईंचे मिस्टर माझ्याकडेच येतात, पोट कमी करायला." बाईंना हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण त्याच्या काळजीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

रविवारी तो आला. शिट्टीमागे जीभ कशी धरायची ते त्यानं दाखवलं, खो-खोच्या पाट्या आखून दिल्या आणि "स्वल्प जोरात, अक्का" म्हणत बाईंना पळवलं.

पुढे मैदानावर सगळ्या शाळेला बाईंच्या मराठीतल्या हाका ऐकू येऊ लागल्या. कानडी, तेलुगू, बिहारी मुलं "बाई, मी बाद नाही" म्हणून भांडू लागली. वर्गात मात्र तोच एक बाक.

वार्षिक सभेत आप्पाजींनी सांगितलं, की समितीच्या दूरदृष्टीमुळे शाळेतलं प्रत्येक मूल आज मराठी बोलतं. टाळ्या पडल्या. बाईंचा सत्कार झाला, आणि पुढच्या वर्षी चित्रकलेचं पद रिकामं होतंय, तेही त्यांनी सांभाळावं, असं एकमतानं ठरलं.

या वेळी बाई चहाच्या आधी उठल्या. "मला चित्र काढता येत नाही," त्या म्हणाल्या.

"शिट्टी तरी कुठे येत होती?" आप्पाजी प्रेमानं म्हणाले.